दोन चिमटे, दोन शेगड्या

परदेशातल्या लेकीकडे, भावाकडे जाऊन आलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणींनी तिथला 'बार्बेक्यू' पाहिला असेल. ज्या अजून जायच्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. उघड्यावर शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर भाजायचं आणि तिथंच सगळ्यांनी मिळून खायचं. कुणाच्या परसात, नाही तर बागेत. अमेरिकेतल्या पुष्कळ बागांमधून बाकांशेजारी लोखंडी शेगड्या बसवलेल्याच असतात. आपण फक्त कोळसे न्यायचे. आपल्या हुरड्याचा चुलतभाऊच म्हणा ना!

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात मी सासूबाईंना घेऊन नणंदेकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले होते. आई येणार म्हणून वन्संनी सगळं गोत जमवलं. टोरांटोहून मामेभाऊ आले, ह्यूस्टनहून मावसबहीण आली, शिवाय वन्संचे अमेरिकन व्याही आणि विहीणबाई. लहानमोठी मिळून बत्तीस माणसं! शनिवारी बागेत बार्बेक्यू ठरला.

सासूबाईंचं वय एकोणऐंशी. जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. वन्संनी त्यांच्यासाठी मुद्दाम भाज्यांचे बर्गर आणले होते. पण घाईत झालं काय, की ते बर्गर, कोंबडीचे तुकडे आणि गोमांसाच्या टिकिया एकाच जाळीवर गेल्या. उलटायला चिमटाही एकच. सासूबाईंनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत. ताटलीत थोडे वेफर्स आणि कलिंगडाच्या दोन फोडी घेऊन झाडाखाली बसल्या. कुणी आग्रह केला की हसून म्हणायच्या, "पोट भरलंय हो माझं."

आणि मी? खरं सांगते, मीही पाहिलं होतं. पण एवढ्या माणसांत उगीच कशाला बोला, म्हणून गप्प बसले.

रात्री अकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला. जाऊन पाहते तो सासूबाई उभ्याउभ्याच दूधभात खाताहेत. मागोमाग वन्सं आल्या. "आई, हे काय? दिवसभर उपाशी होतीस?"

"अगं, तुझ्या विहीणबाईंसमोर माझं सोवळंओवळं कशाला? तुलाच कमीपणा."

वन्संना रडूच कोसळलं. "आठ वर्षांनी आलीस आणि माझ्या घरी उपाशी राहिलीस. मला कमीपणा तो हा! आणि वहिनी, तुम्ही तरी सांगायचं होतंत."

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परसात पुन्हा शेगडी पेटायची होती. वन्संनी नातजावयाला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "एवढंच ना? माझ्या भाच्याला शेंगदाणा चालत नाही. आमच्याकडेही त्याची भांडी वेगळी असतात." बाजारातून छोटी नवी शेगडी आणि नवा चिमटा आला. चिमट्याला त्याने हिरवी फीत बांधली आणि तो सासूबाईंच्या हाती दिला.

मग काय विचारता! पदर खोचून सासूबाईंनी शेगडीचा ताबा घेतला. त्यांचं माहेर पेणजवळचं. भाजताभाजता नातवंडांना त्या पोपटीची गोष्ट सांगू लागल्या. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा भरायचा. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाणी नाही. "आमच्या वाडीत मडकी दोन असायची," त्या म्हणाल्या. "एक नुसत्या शेंगांचं, एक कोंबडी-अंड्यांचं. जाळ वेगळा, पण गप्पा एकच. कुणाला राग नाही की कमीपणा नाही." म्हणजे उत्तर आमच्याच घरचं होतं, आणि आम्ही ते विसरलो होतो!

आता थोडं कामाचं.

शेगडी एकच असेल तर जाळी घासून स्वच्छ करावी आणि शाकाहारी पदार्थ आधी भाजून घ्यावेत. तेही जमत नसेल तर ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजावेत. चिमटे, ताटल्या मात्र दोनच हव्यात.

ज्वाळांवर भाजू नये. कोळशांवर राखाडी साय धरली की मग जाळी ठेवावी. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. पनीरचे तुकडे दीड इंचाचे, मोठेच ठेवावेत. घट्ट दही, चमचाभर बेसन, हळद, तिखट, मीठ आणि ओवा चोळून तासभर मुरवावेत. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे जळत नाहीत. कणसं सालींसकट भिजवून भाजली तर दाणे रसाळ राहतात. वांगी भाजून घ्या, भरीत तिथल्या तिथं होतं.

सामिष खाणाऱ्यांसाठी: कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ अंश फॅरनहाइट तापायला हवी. तिकडे त्यासाठी टोचायचा तापमापक मिळतो, तो वापरावा. कच्चं मांस ठेवलेल्या ताटलीत भाजलेलं काढू नये. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. ऊन ३२ अंशांवर गेलं असेल तर तासभरच.

आणि पाऊस आला म्हणून शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये मुळीच नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही आणि जिवावर बेततं.

शेवटी एकच. यजमानीणबाई, बेत ठरवतानाच फोन करून 'काय चालतं, कसं चालतं' हे विचारा. नुसतं 'शाकाहारी ना?' एवढं पुरत नाही. आणि पाहुण्या म्हणून जाणाऱ्या माझ्या वडीलधाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही निघण्याआधीच मोकळेपणी सांगा. बरोबरच्या सूनबाईंनी तर नक्कीच सांगावं. मी नाही सांगितलं, आणि तो रात्रीचा दूधभात अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

'पोट भरलंय' हे वाक्य आपल्या बायकांच्या तोंडी फार सोपं असतं. ते ऐकलं की एकदा ताटलीकडे बघत जा.