मुली मैदान का सोडतात?

पनवेलहून लोकलने सहावे स्थानक नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. आनंद आपण सगळ्यांनीच साजरा केला. पण आज संध्याकाळी आपल्या जवळच्या मैदानावर एक चक्कर मारा. खेळणाऱ्यांत मुली किती दिसतात? पाचवीपर्यंत भावाबरोबर धावणारी मुलगी आठवी-नववीत कुठे जाते?

'मुलींचे शरीर नाजूक' हे उत्तर जुनेच. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये महिला ८०० मीटर धावल्या. त्या दमलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यत १९६०पर्यंत बंद राहिली. साताऱ्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून या समजाला उत्तर दिले आहे.

खरी कारणे शरीराबाहेर आहेत. पाळी सुरू होते आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते. दिवे नसतात, महिला प्रशिक्षक नसतात. घरी भावाला बॅट मिळते, बहिणीला 'उन्हात काळी पडशील' हे ऐकावे लागते. पैशाचेही तेच. २०२२ मध्ये बीसीसीआयने सामन्याचे मानधन समान केले. मात्र २०२४-२५च्या वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, तर महिलांची ५० लाखांची होती.

परिणाम फक्त पदकांवर होत नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील २०२४च्या अभ्यासानुसार भारतात ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. यातून मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हाडांची बहुतेक बळकटी विशी-पंचविशीपर्यंत कमावली जाते. धावण्या-उड्या मारण्याने ती वाढते. ते वय घरात बसून गेले, तर पाळी गेल्यानंतर हाडे लवकर ठिसूळ होतात.

रक्तक्षयाचाही विचार हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला, पुरुषांत २५ टक्के. दम लागतो म्हणून मुलीचा खेळ बंद करू नका. तिचे हिमोग्लोबिन तपासा, ताटात पालेभाज्या, कडधान्ये, अंडी वाढवा. पाळीतही झेपेल तसे खेळायला हरकत नाही. मात्र कसून सराव करणाऱ्या मुलीची पाळी काही महिने थांबली, तर तिला आहार कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

महापालिकेने मैदानांवर मुलींसाठी रोज ठरावीक तास राखावा, दिवे आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह द्यावे. शाळांनी खेळाचा तास गणिताला देणे थांबवावे. आणि आपण? आज संध्याकाळी मुलाला 'जा खेळायला' म्हणाल, तेव्हा मुलीलाही तेच म्हणा.