उघड्या मोटरला मोकळे रान

ई-माउंटन बाइकच्या शर्यतीला निघालो की कोणी ना कोणी म्हणतेच, "बॅटरीवर चालणार ती, मग त्यात तुझे काय?" मी वेल्समध्ये राहतो. हे वाक्य पुण्याच्या मावशीकडून ऐकले आहे आणि इथल्या सायकल क्लबातल्या लोकांकडूनही. मावशीने असली सायकल कधी पाहिलेली नव्हती. मोटर कशी चालते ते सांगितल्यावर तिला पटले. क्लबातल्यांना मोटर कशी चालते ते पक्के ठाऊक आहे, तरीही ते आम्हाला चोर म्हणतात. त्यांच्याशी माझे भांडण आहेच. पण त्याहून मोठे भांडण शर्यती भरवणाऱ्यांशी आहे, कारण या खेळातले खरे चोर त्यांनीच पोसले आहेत.

मावशीला सांगितले ते आधी सांगतो. या सायकलला पिळायची मूठ नसते. पायडलवर जोर दिला तरच मोटर जोर लावते. पाय थांबले की तीही थांबते. ब्रिटनमध्ये आणि युरोपात मोटरची सतत चालण्याची क्षमता 250 वॅटच्या वर जाऊ नये आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद व्हावी, असा कायदा आहे. त्यापुढे तुमचे पाय आणि पंचवीसेक किलोचे धूड. भारतात नोंदणीशिवाय चालणाऱ्या ई-बाइकलाही हेच दोन आकडे लागू आहेत.

आता चिखल. रात्रभर पाऊस झालेले स्प्रूसचे जंगल, उघडी पडलेली मुळे, उभा चढ. ज्याला वाटते की बटण दाबले की काम झाले, त्याने इथे मोटरच्या मदतीचा सर्वात वरचा मोड लावून दाखवावा. मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरते, स्वतःसाठी खड्डा खणते आणि सायकल आडवी होते. इथे मोड खाली आणावा लागतो, सीटच्या टोकावर सरकून छाती हँडलवर झुकवावी लागते आणि पायाचा दाब एका लयीत ठेवावा लागतो. दाब जरा कमी झाला की मोटर सोडते, जरा जास्त झाला की टायर सुटतो. मध्येच अडकलात तर चिखलाने भरलेली ती सायकल खांद्याने रेटायची. ढकलताना मदत करणारा मोड असतो, तो माणसाच्या चालीने चाक फिरवतो. पण ओल्या मुळावर तेही चाक घसरतेच. उतारावर परिस्थिती आणखी वाईट. वजन खाली ओढते, रेतीमिश्रित चिखल ब्रेक पॅड खातो, आणि शर्यत संपायच्या आत ब्रेकचा लिव्हर मुठीला येऊन टेकतो. पॅड सिंटर्ड घेतलेत की रेझिनचे, टायरमध्ये हवा किती ठेवलीत, यावर तुमचे हातपाय शाबूत राहतात. यात फुकटचे काय आहे, हे मला एकाही क्लबवाल्याने आजवर सांगितलेले नाही.

या मेहनतीचे मोजमापही झालेले आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2019 मध्ये 33 अनुभवी माउंटन बाइकस्वारांना एकाच वाटेवर साधी सायकल आणि ई-बाइक अशा दोन्ही चालवायला लावल्या. ई-बाइकवर त्यांच्या हृदयाचे ठोके साध्या सायकलवरच्या ठोक्यांच्या सुमारे 94 टक्के भरले.

आणि माणसांची नावे हवी असतील तर तीही आहेत. ई-माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत 2019 मध्ये कॅनडात मों-सांत-ॲनला झाली. पुरुषांत जिंकला दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदर्ली. पुढे 2024 मध्ये त्यानेच पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीचे कांस्य घेतले आणि त्याच वर्षी मोटरविना जगज्जेतेपदही. दुसऱ्या वर्षी, 2020 च्या ऑक्टोबरात, ऑस्ट्रियातल्या लेओगांगला ही शर्यत झाली. तिथला तो आठवडा गार पावसाचा आणि चिखलाचा होता. ई-बाइकवर तिथे जिंकला टॉम पिडकॉक. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचे सुवर्ण त्याच्याच गळ्यात पडले. ही माणसे मोटरच्या आडोशाला लपायला आली नव्हती. चिखलात जड सायकल हाताळणे ही वेगळी विद्या आहे म्हणून आली, आणि ती त्यांना येत होती म्हणून जिंकली.

आता खऱ्या चोरीकडे येतो.

चढ संपला की बहुतेक शर्यतींत लाकडाच्या ट्रकसाठी केलेला रुंद, कठीण रस्ता लागतो. नियमातल्या सायकलची मोटर तिथे 25 ला हात काढून घेते. समोर भिंत आल्यासारखे वाटते. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर मांड्यांतून काढावा लागतो. अशा रस्त्यावर, हलक्या चढावर, शेजारून एक जण निघून जातो. वेग उघडउघड तीसच्या पुढे, पाय निवांत फिरताहेत, खांदे हलत नाहीत, श्वासाचा आवाज नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, एकाच शर्यतीत पाहिलेलेही सांगत नाही.

हे करणे सोपे आहे. मागच्या चाकाला एक लहान चुंबक असतो आणि फ्रेमवर त्याचा सेन्सर; चाक किती वेळा फिरले हे मोटरला त्यातून कळते. मध्ये काड्यापेटीहून लहान तुकडा जोडला की तो मोटरला निम्माच वेग कळवतो. ताशी 40 ने चाललेली सायकल स्वतःला 20 वर समजते आणि मदत देत राहते. हे तुकडे ऑनलाइन राजरोस विकले जातात. ब्रिटिश कायद्याप्रमाणे अशी सायकल ही सायकल राहत नाही. ते नोंदणी, विमा आणि परवाना लागणारे मोटार वाहन होते. बॉशने 2020 च्या मॉडेलपासून ही छेडछाड ओळखून मोटरची मदत कमी करणारी व्यवस्था बसवली. कायदा जागा आहे, कारखाना जागा आहे. झोपलेला आहे तो आयोजक.

साध्या सायकलींच्या शर्यतीत काय झाले ते बघा. 2016 च्या जानेवारीत बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका तरुणीच्या सायकलच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. तिला सहा वर्षांची बंदी झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने त्याच सुमारास चुंबकीय क्षेत्रातला बदल पकडणारे टॅब्लेट आणले, 2018 पासून एक्स-रे यंत्र आणले. लपवलेल्या मोटरसाठी एवढी यंत्रणा. आणि आमच्या स्थानिक शर्यतींत, जिथे मोटर उघड्यावर, पायडलच्या मधोमध बसलेली असते, तिथे तिला कोणी बोटही लावत नाही. एका शर्यतीच्या नोंदणी टेबलावर मी विचारले, मोटर कोण तपासणार? हेल्मेट बघून नंबर लावणे एवढेच आमचे काम, असे उत्तर मिळाले. शर्यतीनंतर लेखी तक्रार केली. उत्तर आले की ही शर्यत आनंदासाठी आहे, फार मनावर घेऊ नये. निकाल तसाच राहिला.

या उत्तरात सगळे आले. आयोजकाच्या मनात हा खेळच नाही. म्हणून आमचा गट दिवसाच्या शेवटी, बाकी सगळ्यांनी वाट नांगरून टाकल्यावर सोडतात. म्हणून 250 वॅटच्या त्याच शिक्क्याखाली चढावर क्षणभर 600 वॅट देणारी मोटर आणि 1000 वॅटची जाहिरात करणारी मोटर एकाच रांगेत उभी करतात. वर्गणी मात्र साध्या सायकलवाल्याएवढीच घेतात. आणि मग क्लबातला माणूस त्या निकालाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, सगळे चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

तपासणीला एक्स-रे लागत नाही. सुरुवातीला सेन्सर आणि मोटरच्या झाकणावर फाटल्यास कळेल असे सील लावा. शेवटी पहिल्या पाच जणांच्या सायकली ताब्यात घ्या, चिखल धुवा, रोलरवर चढवा आणि मोटर कितीला हात सोडते ते सर्वांसमोर बघा. जो अडवेल तो बाद. याला दोन माणसे आणि अर्धा तास पुरतो. तेवढाही वेळ ज्याच्याकडे नाही त्याने शर्यत भरवू नये, मेळा भरवावा आणि तसे छापावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचे वाटायला नको. मर्यादा वाढवून विकलेल्या ई-बाइकवर 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागालाही कारवाईची मोहीम काढावी लागली होती. वेगमर्यादेचे लॉक काढून देणारे हात तिथेही आहेत. सह्याद्रीच्या लाल चिखलात असली शर्यत जाहीर झाली आणि तुम्हाला उतरावेसे वाटले, तर जरूर उतरा. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, मोटर कोण तपासणार, केव्हा आणि कशी? उत्तर लेखी मागा. ते मिळाले नाही तर नाव नोंदवू नका.