किल्ली शेजाऱ्याच्या खिशात

नेपाळचे दारिद्र्य ही हिमालयाची करणी, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. डोंगर, दऱ्या, सपाट जमिनीची चणचण. एवढे सांगितले की कारणमीमांसा आटोपली! वास्तविक स्वित्झर्लंडही डोंगराळ आहे व त्यालाही समुद्र नाही. तथापि बाझेलहून ऱ्हाईन नदीने त्याचा माल थेट समुद्राला मिळतो आणि भोवताली संपन्न गिऱ्हाइके आहेत. नेपाळी मालाला बीरगंजहून कोलकाता बंदर गाठावयाचे तर सुमारे ७०० किलोमीटर परक्या भूमीवरून जावे लागते. उत्तरेची वाट चीनशी २०१६ साली झालेल्या कराराने कागदोपत्री खुली झाली. पण तियानजिन बंदर ३,००० किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये तिबेटचे पठार.

अंतराचे भाडे निदान हिशेबात धरता येते. धरता येत नाही ती अनिश्चितता. मार्च १९८९ मध्ये व्यापार व वाहतुकीच्या करारांची मुदत संपताच भारताने दोन वगळून सर्व नाकी बंद केली. काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या, सरपणासाठी जंगलांवर कुऱ्हाड चालली. पुढे २०१५ साली भूकंपातून लोक सावरतात न सावरतात तोच नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटले आणि सीमेवर मालमोटारी अडल्या. दिल्लीने नाकेबंदीचा इन्कार केला, काठमांडूला तो पटला नाही. गॅसवाचून लाकडाची चूल पेटवावी लागलेल्या गृहिणीला मात्र या वादात काडीचाही रस नसावा. अशा देशात कारखाना चालविणारा कच्च्या मालाचा जादा साठा करून ठेवणारच. त्याचे भांडवल गोदामात अडकते आणि व्याज चढत राहते.

भूवेष्टित देशांचा समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने मान्य केला आहे. परंतु त्याच्या अटी शेजाऱ्याशीच ठरवावयाच्या असतात!

ज्या उतारांनी रस्ते महाग केले, तेच उतार आज वीज देत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली. आकडा किरकोळ, पण तारही शेजाऱ्याचीच. चिनी भांडवलाच्या प्रकल्पांतील वीज भारत घेत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे धोरण समजण्याजोगे असेल, पण त्याची किंमत नेपाळ मोजतो. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीने दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार केला आहे. काठमांडूत सरकार कोणाचेही येवो, या करारास धक्का लागणार नाही, अशी हमी दिल्लीने आताच द्यावयास हवी.