भारतीय महिला हॉकी टीम खरंच सुधारतेय का? मेडलपेक्षा या तीन गोष्टी बघा

नोव्हेंबर २०२४, बिहारमधलं राजगीर. एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये भारतीय महिला टीमने चीनला १-० ने हरवलं. हा तोच चीन, ज्याने त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सिल्व्हर मेडल जिंकलं होतं.

सप्टेंबर २०२५, चीनमधलं हांगझोऊ. आशिया कपची फायनल, समोर पुन्हा चीन. नवनीत कौरने पहिल्याच मिनिटाला गोल केला, पण शेवटी भारत १-४ ने हरला.

मग दहा महिन्यांत टीम घसरली, की राजगीरमध्ये आपणच जरा जास्त खूश झालो होतो?

टीमची सुरुवात कुठून झाली?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली ही टीम पॅरिसला जाऊच शकली नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ ने हरली आणि तिकीट हुकलं. कोच यानेके शॉपमन गेल्या, हरेंद्र सिंग आले, सलीमा टेटे कॅप्टन झाली. म्हणजे घडी नव्याने बसवायची होती.

१. सोप्या मॅच वजा करा

आशिया कपमध्ये भारताने ३२ गोल केले. ऐकायला भारी वाटतं, पण त्यातले ११ थायलंडविरुद्ध आणि १२ सिंगापूरविरुद्ध. जपान, कोरिया आणि चीनविरुद्धच्या पाच मॅचमध्ये गोल झाले ९ आणि खाल्ले १३.

हाच हिशोब राजगीरला लावला तर चित्र वेगळं दिसतं. थायलंडविरुद्धचे १३ गोल बाजूला काढले, तरी उरलेल्या सहा मॅचमध्ये १६ गोल केले आणि फक्त २ खाल्ले. त्यामुळे तो विजय नुसता नशिबाचा नव्हता.

२. घराबाहेर काय होतं?

राजगीर मात्र आपलं मैदान होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला प्रो लीगमध्ये भारताने बलाढ्य नेदरलँड्सला शूटआऊटमध्ये हरवलं. जूनमध्ये टीम युरोपात गेली, तिथे आठ मॅच खेळली आणि एकही जिंकली नाही. नऊ टीममध्ये शेवटचा नंबर आला आणि प्रो लीगमधली जागाही गेली.

ऑलिम्पिक आणि वर्ल्ड कप आपल्या मैदानावर होणार नाहीत, त्यामुळे ही बाजू सगळ्यात जास्त खटकते.

३. भार किती जणींवर आहे?

राजगीरमधल्या २९ गोलपैकी ११ एकट्या दीपिकाचे होते. फायनलचा एकमेव गोलही तिचाच, पेनल्टी कॉर्नरवर. आशिया कपला दुखापतीमुळे ती नव्हती, अनुभवी गोलकीपर सविताही नव्हती. हांगझोऊचा निकाल बघताना हे विसरून चालणार नाही. पण एक-दोन खेळाडू नसल्या की टीम ढेपाळत असेल, तर पाया अजून कच्चा आहे.

जमेची बाजू म्हणजे नवी फळी येतेय. आशिया कपच्या टीममध्ये साताऱ्याच्या दोघी होत्या, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ.

मग निष्कर्ष काय?

आशियात टीम नक्की सावरलीय. रांचीत हरवणाऱ्या जपानला राजगीरमध्ये दोनदा हरवलं आणि हांगझोऊत दोन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या. जगातल्या टॉप टीमशी असलेलं अंतर मात्र कमी झालेलं नाही.

त्यात डिसेंबर २०२५ मध्ये हरेंद्र सिंग यांनी राजीनामा दिला आणि टोकियोवेळचे कोच शोर्ड मरीन परत आले. दोन वर्षांत तिसरा कोच म्हणजे खेळाडूंना पुन्हा नवी पद्धत अंगवळणी पाडावी लागणार.

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये एशियन गेम्स आहेत. तिथे गोल्ड जिंकलं तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट मिळतं. त्याआधी टीमने कुणाला १०-० ने धुतलं तर टाळ्या जरूर वाजवा, पण सुधारणा मोजायची असेल तर परदेशात, तगड्या टीमसमोर आणि दीपिकाशिवाय गोल कोण करतंय ते बघा.