मॅन्युअलमधली चूक कोणी दुरुस्त करायची?

मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी कविता येतात, प्रवासवर्णनं येतात, 'मैत्री' या विषयावर किमान दोन लेख येतात. मी मात्र सर्व्हरच्या मॅन्युअलवर लिहिणार आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, त्यामुळे माझं शुद्धलेखन तपासायला संपादक मंडळ बसलेलंच आहे. तांत्रिक मॅन्युअल तपासायला मात्र कोणी बसलेलं नाही, आणि माझं म्हणणं त्याबद्दलच आहे.

१६ जुलै २०२१ आठवतोय? कोरोनामुळे परीक्षा न होता लागलेला दहावीचा निकाल. दुपारी एक वाजता निकाल जाहीर झाला, राज्यातली सुमारे पावणेसोळा लाख मुलं एकाच वेळी साईटवर आली आणि साईट कित्येक तास उघडेनात. लातूर विभागात येणारी लातूर, नांदेड, उस्मानाबादची (आताचं धाराशिव) मुलंही त्यातच होती. त्या दिवशी आत नेमकं काय बिघडलं यावर मी बोलणार नाही. पण अशी वेळ येऊ नये म्हणून जी सोय करतात तिला 'हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर' म्हणतात, आणि ती शिकवणारे कागद किती जपून लिहायला हवेत हे त्या दिवसावरून कळतं.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एका सर्व्हरऐवजी दोन-तीन ठेवायचे. ते एकमेकांना सतत 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतात, त्याला हार्टबीट म्हणतात. एक गप्प झाला की दुसरा त्याचा आयपी पत्ता घेऊन काम पुढे चालवतो. खरी गंमत पुढे आहे. सर्व्हर दोन्ही ठणठणीत, पण मधली केबल तुटली तर? दोघांनाही वाटतं की समोरचा मेला, आणि दोघेही एकाच डेटावर लिहायला लागतात. एकाच सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनी एकाच वेळी दोन पेनांनी फेरफार करावा, तसं. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात.

त्यावर उपाय दोन. पहिला कोरम, म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेतली गणपूर्तीच. बहुमत नसेल तर निर्णय घ्यायचा नाही. दुसरा 'स्टोनिथ', म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड'. संशय आला की समोरच्याचा वीजपुरवठाच तोडायचा आणि मगच डेटाला हात लावायचा.

आता मॅन्युअलकडे येऊ. पेसमेकर या क्लस्टर सॉफ्टवेअरचं 'क्लस्टर्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचं मार्गदर्शक आहे. त्यात सुरुवातीला, फक्त शिकण्यापुरतं, स्टोनिथ बंद करायला सांगितलंय आणि खऱ्या कामात असं करू नका असा इशाराही दिलाय. लोकांनी कमांड उचलली, इशारा तिथेच सोडला. अशा कॉपीची कॉपी होत ती लॅबच्या फाईलपर्यंत पोचते. दुसरं उदाहरण. रेड हॅट ७ मध्ये नोडची ओळख पटवायला 'पीसीएस क्लस्टर ऑथ' ही कमांड होती. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट ८ मध्ये तीच 'पीसीएस होस्ट ऑथ' झाली. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, तरी जुनी कमांड प्रिंटआऊटमध्ये आरामात नांदते आहे.

आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मॅन्युअलमधली कमांड चालत नाही. शेजारचा मित्र बरोबर कमांड शोधून काढतो, आउटपुट येतं. पण जर्नलमध्ये लिहायचं मॅन्युअलमध्ये आहे तेच, कारण तपासणी त्याच्याशी ताडून होते! म्हणजे जो चालवून बघतो त्याचे मार्क जाण्याची भीती, आणि जो सीनियरची फाईल उतरवतो तो सुरक्षित. सर आणि मॅडम, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्यावर सिलॅबस संपवायचं ओझं असतं हेही कळतं. पण हीच मुलं उद्या हॉस्पिटलचे, बँकेचे सर्व्हर सांभाळणार आहेत.

अपुऱ्या कागदामुळे मोठ्या कंपन्याही अडचणीत येतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत बिघडलेलं डेटाबेस रेप्लिकेशन पुन्हा सुरू करणं चाललं होतं. वापरलेलं टूल काही न बोलता वाट बघत थांबतं, ही गोष्ट कंपनीच्या रनबुकमध्ये नव्हती आणि टूलच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हती. इंजिनिअरला वाटलं अडकलंय. पुढच्या धावपळीत त्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला, बॅकअपही ऐनवेळी कामाला आले नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. मला आवडलं ते हे की कंपनीने कोणाला बळीचा बकरा केलं नाही. कुठे काय चुकलं ते सविस्तर लिहून जगासमोर ठेवलं.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. माझ्या साध्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक लॅबमध्ये एक दुरुस्ती वही ठेवावी. त्यात पान क्रमांक, चुकीची ओळ, बरोबर ओळ, कोणत्या व्हर्जनवर चालवून पाहिलं आणि तारीख एवढंच लिहायचं. 'मला वाटतं' चालणार नाही, आउटपुट चिकटवायचं. दोन, सत्राच्या शेवटी सरांनी ती वही तपासून पुढच्या बॅचचं मॅन्युअल सुधारावं आणि पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख टाकावी. तीन, योग्य दुरुस्ती शोधणाऱ्याला टर्मवर्कचे दोन मार्क द्यावेत. डोनाल्ड नूथसारखा माणूस आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायचा. आपण दोन मार्क द्यायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, युनिव्हर्सिटीची परवानगी लागेल. सिलॅबस बदलायला लागत असेल. पण न चालणारी कमांड खोडून चालणारी लिहायला कशाला लागेल? वही वीस-तीस रुपयांना मिळते. पहिली मी आणून देते, जागा तेवढी सरांनी द्यावी.

बघा पटतंय का!