वीस वर्षांचा आजार, तीन वर्षांचं अनुदान

गडचिरोलीत माणसं कशानं मरतात, असं मुंबई-पुण्यात कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: मलेरिया, कुपोषण, सर्पदंश, नाहीतर नक्षलवाद. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या 86 गावांतल्या मृत्यूंची एकेक करून नोंद घेतली, तेव्हा भलतंच चित्र समोर आलं. सुमारे 94 हजार वस्तीत 1,599 मृत्यू झाले होते आणि त्यांतले 229 लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतके जीव घेतले नव्हते. यातली दहापैकी जवळपास नऊ माणसं घरीच गेली. त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरात ती सापडणारच नव्हती. घरोघर जाऊन, तोंड वाकडं झालं होतं का, एक बाजू लुळी पडली होती का, वाचा गेली होती का, असं घरच्यांना विचारत हा हिशेब मांडावा लागला. 'स्ट्रोक' या नियतकालिकात 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला.

असल्या कामाला पैसा कोण देतं? यंत्र तयार होत नाही, पेटंट मिळत नाही, कंपनीला विकायला काही उरत नाही. या अभ्यासाचे प्रमुख डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या संशोधनाला पाठबळ मिळालं ते 'इंडिया अलायन्स'च्या फेलोशिपचं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांनी 2008 मध्ये भागीदारीत उभी केलेली ही योजना. ती प्रकल्पापेक्षा माणसावर पैसे लावते आणि साधारण पाच वर्षं त्याच्या मागे उभी राहते. मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. त्यात भारताचे एक हजार कोटी आणि वेलकमचे पाचशे कोटी आहेत. सरकारी पैशातून काय करता येतं, याचा हा चांगला दाखला. दुर्दैव इतकंच, की तो अपवाद आहे.

मेंदूच्या आजारांचं ओझं वाढतंय, हे सांगायला आता तज्ज्ञ लागत नाही. भारतातल्या एकूण आजारभारात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या असंसर्गजन्य विकारांचा वाटा 1990 मध्ये 4 टक्के होता. 2019 मध्ये तो 8.2 टक्क्यांवर गेला. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा पुन्हा लकव्याचाच. साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा अंदाज 2023 मध्ये आला. हा आकडा आज मंत्र्यांच्या भाषणांत येतो, धोरणपत्रांत येतो, वर्तमानपत्रांत तर येतोच.

तो आला कुठून, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने वृद्धांचं 'लासी' हे देशव्यापी सर्वेक्षण झालं. त्यातल्याच काही हजार वृद्धांच्या स्मृतीची बारकाईने तपासणी करणारा एक उपअभ्यास झाला आणि दिल्लीचं एम्स व देशभरातली रुग्णालयं त्यात उतरली. डॉक्टर आपले, रुग्ण आपले, भाषा आपल्या. या उपअभ्यासाचा खर्च मुख्यतः उचलला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने, म्हणजे अमेरिकी करदात्यांनी.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. स्मृतिभ्रंश तपासण्याच्या पाश्चात्त्य चाचणीत माणसाला कागदावरचं 'डोळे मिटा' हे वाक्य वाचून तसं करायला सांगतात, मग एक वाक्य लिहायला लावतात. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीला ही चाचणी दिली तर ती चांगली शहाणी असूनही नापास होणार. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नव्वदच्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी त्यावर तोडगा काढला. तपासणाऱ्याने म्हणायचं, 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा', आणि स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहायच्या ऐवजी आजीने आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. किती साधं, आणि किती डोकं लावून केलेलं! निरक्षर भारतीयांसाठीची ही चाचणी आजही वापरात आहे. तिच्याही मुळाशी अमेरिकी अनुदान होतं.

परक्याच्या पैशाने विज्ञान होऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण परक्याच्या नळाची चावी परक्याच्याच हातात असते. अमेरिकेत ओबामांनी 2013 मध्ये जाहीर केलेल्या 'ब्रेन इनिशिएटिव्ह'कडेच बघा. तिची तरतूद 2023 मध्ये 68 कोटी डॉलर होती, ती 2024 मध्ये 40 कोटींवर आणि 2025 मध्ये 32 कोटींवर घसरली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाहीर केलं, की नवी पद्धत बसेपर्यंत परदेशी संस्थांना उप-अनुदान देणाऱ्या प्रकल्पांना नवी मंजुरी किंवा मुदतवाढ मिळणार नाही. तिकडचा निर्णय तिकडच्या राजकारणातून झाला. आपल्या वृद्धांच्या विस्मरणाचा हिशेब तिकडच्या राजकारणावर का लटकत ठेवायचा, हा प्रश्न मात्र आपला आहे.

आपल्याकडे पैसाच नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. ते अर्धंच खरं. 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के होता आणि त्याची लाज वाटायलाच हवी. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाच्या दर शंभर रुपयांतले जेमतेम चार आरोग्य संशोधन विभागाला मिळाले, सुमारे 3,900 कोटी. तरीही दारं पुष्कळ उघडी आहेत. आयसीएमआर संशोधकाने स्वतः सुचवलेल्या विषयाला दोन कोटींपर्यंतचं लहान आणि दोन ते आठ कोटींचं मध्यम अनुदान देते. 2024 पासून कामाला लागलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची नवोदित संशोधकांसाठी तीन वर्षांत 60 लाखांची योजना आहे. एमबीबीएसच्या मुलांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देणारी आयसीएमआरची योजना तर 1979 पासून चालू आहे.

अडचण पैशाच्या रकमेइतकीच त्याच्या घड्याळात आहे.

अल्झायमरची सुरुवात मेंदूत लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी होते. चाळिशीतला रक्तदाब सत्तरीत लकवा आणतो. हे पकडायचं तर एकाच गावातली तीच माणसं दहा-वीस वर्षं पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत. अनुदान मिळतं ते तीन, फार तर चार वर्षांचं. त्यातही पहिलं वर्ष नैतिक समितीची परवानगी, माणसं नेमणं आणि खरेदी यांत जातं. मधलं वर्ष काम. शेवटचं वर्ष पुढच्या अनुदानाचा अर्ज लिहिण्यात.

शिवाय दर वर्षी 31 मार्च येतोच. सरकारी अनुदानावर काम केलेल्या कुणालाही 'यूसी गेलं का?' हा प्रश्न झोपेतून उठवून विचारला तरी त्याला घाम फुटेल. यूसी म्हणजे खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता डिसेंबरात आला तरी तो मार्चअखेर संपवायचा, नाहीतर पैसे परत. मग जानेवारी-फेब्रुवारीत जे मिळेल ते विकत घ्यायचं आणि एप्रिलपासून प्रकल्प सहायकाचा पगार थांबवायचा. तीन-चार महिने बिनपगारी काढून तो दुसरी नोकरी धरतो. कुठल्या घरातली आजी कानाने अधू आहे, कुठले आजोबा सकाळी शेतावर असतात, कुठली सून दार उघडत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. ते त्याच्याबरोबर जातं. नव्या माणसाला यादी देता येते, ओळख देता येत नाही. पाचव्या वर्षी गावातली निम्मी माणसं 'संपर्क झाला नाही' या रकान्यात गेली, की अभ्यास कागदावर जिवंत राहतो आणि शास्त्र म्हणून मेलेला असतो.

नियम बदलता येत नाहीत, असं नाही. प्रयोगशाळेचं सामान सरकारच्या 'जेम' पोर्टलवरूनच घ्यायची सक्ती वर्षानुवर्षं होती आणि सर्वांत स्वस्त रसायन घेऊन प्रयोग फसल्याच्या कहाण्या संशोधकांकडे पोत्याने आहेत. जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने एका आदेशाने वैज्ञानिक खरेदीला त्यातून मोकळीक दिली आणि थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. त्याआधी आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांना संशोधन अनुदानावर जीएसटी मागणाऱ्या नोटिसा गेल्या होत्या. सरकारने दिलेल्या पैशावर सरकारनेच कर मागायचा, हा विनोद सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने थांबवला. म्हणजे मनात आलं तर एका बैठकीत होतं.

आता डॉक्टरांकडे वळू. डॉ. समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक पाहणी छापली आणि वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली. देशातल्या 579 वैद्यकीय महाविद्यालयं आणि संस्थांपैकी 332 मधून दहा वर्षांत एकही शोधनिबंध आला नव्हता. एकही! आणि अवघ्या 25 संस्थांनी देशातले 40 टक्के निबंध लिहिले होते. यावर 'आमचे डॉक्टर आळशी' असं बोट दाखवणाऱ्याने एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयात सकाळी मेडिसिनच्या ओपीडीत जाऊन उभं राहावं. रांग दाराबाहेर असते, वॉर्डात खाटांच्या मध्ये गाद्या घातलेल्या असतात, दुपारी तास घ्यायचा, संध्याकाळी इमर्जन्सी. यातून वेळ काढून आठ कोटींच्या अनुदानाचा अर्ज लिहिणारा एखादाच निघतो आणि तो बहुधा दिल्ली, बंगळुरू, चंडीगडच्या मोठ्या संस्थेत आधीच गेलेला असतो.

वास्तविक रुग्णाच्या खाटेशेजारीच मोठं विज्ञान सापडल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी आयुष्यभर जोडलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी 1971 मध्ये तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराचं वर्णन केलं. या रुग्णांची बुब्बुळं एका जागेवरून दुसरीकडे विलक्षण सावकाश सरकतात, हे त्यांनी टिपलं होतं. त्या प्रकारचं जनुक कितीतरी वर्षांनी सापडलं. त्यासाठी लागला होता पाहणारा डोळा आणि एकेका रुग्णाजवळ थांबायची फुरसत. अनुदानात उपकरणांसाठी रकाना असतो, प्रवासासाठी असतो, स्टेशनरीसाठीही असतो. डॉक्टरच्या वेळेसाठी नसतो. आठवड्यातले दोन दिवस त्याच्या जागी दुसरा डॉक्टर नेमण्याइतका पैसा महाविद्यालयाला मिळाला, तर या 332 पैकी काही तरी जागी होतील.

दानशूरांनी हे ओझं उचलावं, असं एक मत हल्ली ऐकू येतं. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या देणगीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्र उभं राहिलं. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांवर ते वर्षानुवर्षं नजर ठेवून आहे. काम उत्तमच आहे. पण बंगळुरूजवळ एक उद्योगपती भेटला म्हणून कोलारच्या म्हाताऱ्यांचा मेंदू मोजला जाणार आणि बीडच्या, नंदुरबारच्या म्हाताऱ्यांचा नाही, याला धोरण म्हणत नाहीत. तरीही केंद्राची भिस्त त्याच दिशेला आहे. नव्या अनुसंधान प्रतिष्ठानच्या पाच वर्षांच्या 50 हजार कोटींपैकी 36 हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. 2025 मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधी आहे, पण तो मुख्यतः खासगी उद्योगांसाठी आणि स्वस्त कर्जांच्या वाटेने. कर्ज फेडायचं तर काहीतरी विकावं लागतं. गडचिरोलीतला 229 हा आकडा कुणाला विकणार?

हे सरकारनेच करायचं काम असतं आणि अमेरिकेनेही ते तसंच केलं. फ्रेमिंगहॅम नावाच्या छोट्या गावातली 5,209 माणसं 1948 मध्ये सरकारी पैशाने अभ्यासाला घेतली गेली. उच्च रक्तदाबाने हृदयविकार आणि लकवा येतो, हे आज गावच्या आशाताईलाही ठाऊक असलेलं ज्ञान बरंचसं तिथून आलं. गंमत म्हणजे 1970 च्या सुमारास तिकडच्या अधिकाऱ्यांनाही 'आता पुरे' असं वाटलं होतं. पैसे बंद व्हायची वेळ आली, संशोधकांनी देणग्या गोळा करून अभ्यास तगवला, आणि नंतर सरकार पुन्हा मागे उभं राहिलं. त्या माणसांच्या मुला-नातवंडांवर अभ्यास चालूच आहे.

आयसीएमआरच्या मध्यम अनुदानाची कमाल मर्यादा आठ कोटी आहे. तेवढेच आठ कोटी चार वर्षांऐवजी दहा वर्षांत द्यायला अर्थसंकल्पात नवा रुपया लागत नाही. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची मुभा आणि दर तीन वर्षांनी कठोर तपासणी, एवढंच जोडावं लागेल. लकवा, स्मृतिभ्रंश आणि अपस्मार या तीन आजारांसाठी असे पाच-सहा अभ्यास देशाच्या वेगवेगळ्या भागांत सुरू करता येतील. त्यांतला एक मराठवाड्यातल्या सरकारी महाविद्यालयाला मिळावा, असा आग्रह महाराष्ट्राने धरायला हवा. मात्र त्यासाठी राज्याने आधी तिथली रिकामी प्राध्यापकपदं भरली पाहिजेत, कारण अर्जावर सही करायला माणूस तर पाहिजे.