वाइन ‘सौम्य’ कुणासाठी?

‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे!’ मराठी घरांतल्या पार्ट्यांमध्ये हे वाक्य आता सर्रास कानी पडतं. व्हिस्की पुरुषांची, वाइन बायकांची, अशी वाटणीच झालेली. वर द्राक्षं हृदयाला चांगली, ही पुस्ती.

स्तनातल्या पेशींना मात्र हा फरक कळत नाही. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सव्वाशे मिलिलिटर वाइनमध्ये १२ ते १३ ग्रॅम. म्हणजे ‘सौम्य’ ग्लास पेगपेक्षा जडच! बिअरच्या मोठ्या बाटलीत तर तब्बल २५ ग्रॅम.

शरीरात अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. शिवाय अल्कोहोलमुळे रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. स्तनाच्या बऱ्याच गाठी याच इस्ट्रोजेनवर पोसतात. त्यामुळे इथे थोड्या दारूचाही परिणाम दिसतो. ५३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये हिशेब मांडला गेला. रोजच्या दर १० ग्रॅममागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो.

हे ७ टक्के म्हणजे शंभरातल्या सातजणींना कॅन्सर, असं नव्हे. पाश्चात्त्य देशांत कधीच न पिणाऱ्या शंभरजणींपैकी सुमारे नऊजणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत हा रोग होतो. रोज दोन पेग घेणाऱ्यांत दहाजणींना, सहा पेग घेणाऱ्यांत तेराजणींना. दहावी बाई किरकोळ वाटेल, ती आपल्या घरातली नसेल तोवर! जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही.

आपल्याकडच्या बाटलीवर मात्र दारू आरोग्याला अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढाच इशारा असतो. बाटली पुण्यातली असो की झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीतली, कॅन्सरचा उल्लेख या सक्तीच्या इशाऱ्यात नाही.

टहरौलीसारख्या तालुक्याच्या गावातल्या बायका म्हणतील, आमचा दारूशी काय संबंध? खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम १.३ टक्के स्त्रिया दारू पिणाऱ्या निघाल्या. पुरुष सुमारे १९ टक्के. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होतोच. वय, आनुवंशिकता, पाळी उशिरा जाणं, उतारवयातलं वजन अशी कारणं कितीतरी. तेव्हा एखादीला गाठ निघाली, की ‘हिने काय केलं असेल?’ अशी कुजबुज करणं निव्वळ क्रूरपणा आहे.

अशा बाईच्या उपयोगाचं काम मुंबईत झालं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले. ना यंत्र, ना मोठा खर्च. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही.

तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, ही सरकारचीच २०१६ ची योजना आहे. ती गावातल्या आरोग्य केंद्रात हक्काने मागता येते. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा बोंडातून रक्त आलं, तर मात्र पाच वर्षं काय, पाच आठवडेही थांबू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती लपवली जाते.